केस्लापूरची पायवाट

शनिवार-रविवारला एखादी सुटी जोडून डोंगरात चालायला जावे, तेही स्वतःची गाडी न नेता, हा छंद मराठी माणसाला नवा नाही. पुण्या-मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनी सह्याद्रीतले किल्ले मुक्कामाच्या एसटीने आणि कर्जत-कसाऱ्याच्या लोकलने पालथे घातले. आम्हा गोंयकारांना ही सवय जरा उशिरा लागली, पण लागली. अशा भटक्यांपैकी कोणी पूर्वेला वळला तर त्याला मी आदिलाबादचे नाव सुचवीन. कुंतलाचा धबधबा, कवालचे सागवान, पावसाळा सरल्यावरचे डोंगर, हैदराबादहून सुमारे तीनशे किलोमीटरची बस. दोन दिवसांत सहज होते. मात्र तिथे आपण ज्या रस्त्याने पोहोचतो तो कशासाठी झाला, आणि बस सोडल्यावर पायाखाली येते ती वाट कोणाची, हे आधी सांगायला हवे. कारण या प्रदेशाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास जवळजवळ सगळा रस्ता आणि पायवाट यांच्या भांडणाचा इतिहास आहे.

आधी एक गंमत. तेलंगणाच्या शाळेत मुलांना शिकवतात की आदिलाबादचे डोंगर म्हणजे सह्याद्री. आपण सह्याद्री म्हणताना डोळ्यांसमोर चोर्ला घाट किंवा दूधसागर आणतो आणि तिकडे गोदावरीच्या काठचा विद्यार्थी त्याच नावाने पेनगंगा आणि गोदावरी यांच्या मधल्या डोंगररांगा नकाशात दाखवतो. नाव अगदी बिनबुडाचे नाही. अजिंठ्याकडून पूर्वेला सरकत गेलेल्या सातमाळ्याची ही शेपटी आहे. उंची फार नाही. वर पोहोचले की पठारे, पठारावर ज्वारी आणि कापूस, उतारावर साग. उत्तरेला पेनगंगा, पूर्वेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी. तीन बाजूंनी नद्या असलेला हा डोंगराळ चौकोन मध्ययुगात गोंड राजांचा होता. त्यांची मोठी गादी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला.

चालत इतिहास वाचायचा म्हटले की गोव्याच्या माणसाला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवणारच. 1907 साली गोव्यात जन्मलेला हा गणिती पुण्याहून मुंबईला नोकरीसाठी डेक्कन क्वीनने ये-जा करी, आणि उरलेल्या वेळात हातात काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्या तुडवी. दगडी अवजारांचे बारीक तुकडे, शेंदूर लावलेल्या आया, जुन्या वाटांचे तिठे, हे सगळे त्यांनी पायाने गोळा केले. 'मिथ अँड रिअॅलिटी' हे त्यांचे पुस्तक 1962 सालचे. त्यात त्यांनी दाखवून दिले की देवीचे जुने ठाणे आणि जुनी वाट यांची गाठ बहुतेक वेळा पक्की असते. देऊळ नंतर येते, राजा त्याहून नंतर, आणि वाट सगळ्यांच्या आधीची. आदिलाबादकडे पाहताना मला ही कोसंबींची दृष्टी फार उपयोगी वाटते. फक्त इथे एक फरक आहे. पुण्याजवळच्या वाटा विस्मरणात गेल्या होत्या, त्या कोसंबींना शोधाव्या लागल्या. इथली मुख्य वाट अजून चालती आहे. तिच्यावरून दरवर्षी माणसे अनवाणी जातात.

ती वाट जरा बाजूला ठेवून आधी रस्त्याकडे वळू.

निजामाच्या राज्याने जून 1932 मध्ये रेल्वेचीच एक शाखा म्हणून सरकारी बससेवा सुरू केली. 27 बसगाड्या आणि 166 कर्मचारी इतकाच संसार होता. आपल्या एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली ती 1 जून 1948 रोजी, म्हणजे सोळा वर्षांनी. गोव्याची कदंबा तर 1980 सालची. त्याआधी आमचे आजी-आजोबा खाजगी 'कारेरी'ने हिंडत. सरकारने बस चालवावी ही कल्पना दख्खनमध्ये इतकी लवकर अमलात आली, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. त्या बसच्या नंबरात 'झेड' हे अक्षर असते. निजामाने आपल्या आईच्या, झहरा बेगमच्या, नावासाठी ते ठेवायला लावले असे सांगतात. आंध्र झाला, तेलंगण वेगळे झाले, महामंडळाचे नाव बदलत गेले, 'झेड' राहिला.

रेल्वे त्याच सुमारास आली. काझीपेठ ते बल्लारशा हा दुवा 1929 साली पुरा झाला आणि दिल्लीहून मद्रासला जाणारी गाडी या जिल्ह्याच्या पूर्व कडेने, मंचिर्यालवरून धावू लागली. पश्चिमेला मुदखेडहून किनवटमार्गे आदिलाबादला मीटरगेज फाटा आला. या दोन रुळांच्या मध्ये जे डोंगर राहिले, तिथे हळूहळू बैलगाडीचे रस्ते, मग मोटारीचे रस्ते झाले. सिरपूरला, आजच्या कागजनगरला, कागदाची गिरणी उभी राहिली. तिला बांबू हवा होता. बाजाराला कापूस हवा होता, रेल्वेला सागाचे स्लीपर हवे होते. तोवर ज्या डोंगराकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तो अचानक सगळ्यांना हवासा झाला.

गोंडांची शेती समजून घेतल्याशिवाय पुढचे नीट कळत नाही. हे लोक निव्वळ जंगलात कंदमुळे गोळा करणारे नव्हते. नांगर, बैल, ज्वारी, तीळ, कापूस असे सगळे त्यांच्याकडे होते. पण डोंगरावरची माती हलकी. दोन-तीन वर्षे पेरली की ती थकते, मग तिला पडीक ठेवायची आणि शेजारचा तुकडा नांगरायचा. कधी साथ आली किंवा वाईट शकुन झाला की अख्खे गावच उठून मैलभर पलीकडे वसायचे. गाव म्हणजे पाटील आणि त्याची माणसे. जागा त्या मानाने दुय्यम. जमीन अमाप आणि माणसे थोडी होती तोवर या पद्धतीत काहीच खोट नव्हती.

सरकारी कागदाला मात्र ही शेती वाचता येईना. पडीक ठेवलेली जमीन त्याच्या लेखी बेवारस. पट्टा नसलेला कुळवाडी वर्षागणिक सारा भरून कसे, आणि कोणी ऐपतदार माणूस तालुक्याला जाऊन त्याच जमिनीचा पट्टा आपल्या नावावर करून आणी. गोंडाला लिहिता-वाचता येत नव्हते, तालुका दूर, कचेरीची भाषा उर्दू. दुसऱ्या बाजूने जंगल खाते राखीव जंगलाच्या रेषा आखत येत होते. रेषेच्या आत सापडलेली गावे उठवली गेली. उठलेला गोंड पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे पलीकडे गेला, तर पलीकडे आता कोणीतरी पट्टेदार बसलेला. पिढ्यान्‌पिढ्यांचे चालणे असे दोन्ही टोकांनी बंद झाले.

हे पट्टेदार कोण होते? तेलंगणाच्या सपाटीवरचे कापू होते, सावकारी करणारे कोमटी होते, आणि वऱ्हाड-मराठवाड्यातून कापसाच्या मागे आलेले आपले मराठी शेतकरीही होते. मराठीत लिहिताना हे शेवटचे नाव गाळण्याची सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिले. आलेले सगळे लबाड होते असे मी म्हणत नाही. त्यांतले कित्येक स्वतःच दुष्काळाने हुसकलेले असतील. पण रस्ता त्यांच्यासाठी उघडला आणि गोंडासाठी मिटला.

या घुसमटीतून 1940 साली जोडेघाटची घटना घडली. कोमरम भीम आणि त्याच्या सोबत्यांनी बाबेझरी-जोडेघाटच्या डोंगरात बारा पाड्यांची जमीन जंगल खात्याला न जुमानता कसली, आणि तिच्यावर हक्क मागितला. अर्जविनंत्या करून झाल्या. शेवटी निजामाचे पोलीस डोंगर चढून आले आणि गोळीबारात भीम आणि त्याचे साथीदार मारले गेले. भीमचा स्मृतिदिन आजही इंग्रजी तारखेने न पाळता आश्विन पौर्णिमेला पाळतात. आपल्याकडे त्या रात्री कोजागरी असते, आटवलेल्या दुधात चंद्र पाहायचा असतो. 2022 च्या 'आरआरआर' चित्रपटामुळे भीमचे नाव जगभर गेले, पण त्यातला भीम दिल्लीत इंग्रजांशी लढतो. खरा भीम लढला तो जंगलाच्या रेषेशी. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा त्याच्या नावाशी जोडलेली आहे आणि तिच्यातले तिन्ही शब्द गोंडाला, मराठी माणसाला आणि निजामाच्या अंमलदाराला सारखेच कळणारे होते.

जोडेघाटनंतर निजामाच्या सरकारला प्रश्न पडला की हे लोक इतके का चिडले. उत्तर शोधायला त्यांनी जो माणूस पाठवला त्याची कहाणीही चालण्याचीच आहे. क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ, 1909 साली व्हिएन्नात जन्मलेला मानववंशशास्त्रज्ञ. 1939 साली युद्ध पेटले तेव्हा तो भारतात होता. ऑस्ट्रिया हिटलरने गिळलेला, म्हणून हा कागदोपत्री शत्रुराष्ट्राचा नागरिक. त्याला हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली. मग त्याने संस्थानातल्याच आदिवासींचा अभ्यास आरंभला: आधी नल्लमलाचे चेंचू, मग गोदावरीकाठचे कोंडा रेड्डी, आणि मग आदिलाबादचे राजगोंड. डोंगराच्या पोटात मार्लवाई नावाच्या गावात त्याने आणि त्याच्या पत्नीने, एलिझाबेथने, बिऱ्हाड केले. सगळे तिला बेट्टी म्हणत. बैलगाडी, घोडे आणि मुख्यतः पाय, यांवर दोघांनी हा मुलूख पालथा घातला. 'राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे पुस्तक 1948 साली आले.

हायमेनडॉर्फचे निदान साधे होते. लोकांना दया नको, पट्टे द्या; आणि पट्टा वाचता येईल असे शिक्षण द्या. त्या वेळी संस्थानाच्या महसूल खात्यावर विल्फ्रिड ग्रिगसन होते, बस्तरच्या माडिया गोंडांवर पुस्तक लिहिलेले. त्यांनी साथ दिली. हजारो गोंड आणि कोलाम कुटुंबांना जमिनीचे कागद मिळाले, आदिवासी भागासाठी वेगळा कायदा झाला. परदेशी विद्वान आणि एक सामंती राजवट यांच्या हातून इतके व्हावे आणि नंतरच्या लोकशाहीत त्यातले बरेचसे निसटावे, हा विरोधाभास हायमेनडॉर्फने स्वतः म्हातारपणी परत येऊन पाहिला आणि 1982 च्या पुस्तकात खेदाने लिहिला.

मराठी वाचकाने थांबावे अशी जागा मात्र शिक्षणाची आहे. 1943 साली मार्लवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. मुलांना पहिली अक्षरे गोंडीत शिकवायची असे ठरले. ती कोणत्या लिपीत? राज्याची भाषा उर्दू, जिल्ह्याच्या दक्षिणेला तेलुगू. तरीही गोंडीची पहिली पुस्तके छापली गेली ती नागरीत, आपल्या बाळबोधीत. त्या डोंगरातल्या गोंडाला घराबाहेर जी भाषा सर्वांत जास्त कानावर पडत होती ती मराठी, हे त्यामागचे उघड कारण. गोव्यात ज्यांनी रोमी की देवनागरी हा वाद उभा जन्म ऐकला आहे, त्यांना लिपीचा असा निर्णय किती दूरवर जातो हे वेगळे सांगायला नको. 1956 साली भाषावार राज्ये झाली, जिल्हा आंध्रात गेला आणि शाळा तेलुगू झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके तेवढे तोडून मुंबई राज्याला मिळाले. मार्लवाईत नागरी अक्षरे शिकलेली पिढी आपल्याच गावात एका परीने पुन्हा निरक्षर ठरली.

या गोष्टीला पुढे एक अनपेक्षित वळण लागले. मार्लवाईच्या शेजारच्या मंडलात, नारनूरजवळच्या गुंजाला गावी, काही जुनी हस्तलिखिते जपून ठेवलेली होती. 2006 च्या सुमारास जयधीर तिरुमल राव यांच्यासारख्या अभ्यासकांच्या हाती ती आली. ती गोंडीतच होती, आणि लिपी नागरी नव्हती, तेलुगू नव्हती, उर्दू तर नव्हतीच. ती गोंडीची स्वतःची लिपी होती. आज तिला 'गुंजाला गोंडी' म्हणतात आणि 2018 साली तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. म्हणजे 1943 साली जेव्हा गोंडीला लिपी नाही असे धरून नागरी दिली गेली, तेव्हा तिची लिपी त्याच डोंगरात कोणाच्या तरी घरात होती. जो हायमेनडॉर्फ या मुलखात वर्षानुवर्षे पायी हिंडला, त्यालाही त्या घराचा पत्ता लागला नाही. चालणाऱ्याला सगळे दिसते हा आपला समज तपासून घ्यावा लागतो तो असा.

मराठीचा आणखी एक धागा इथे आहे, आणि तो मला सर्वांत विलक्षण वाटतो. गोंडांच्या कुळांच्या, देवांच्या, पूर्वजांच्या कथा सांगण्याचे काम गोंड स्वतः करत नाहीत. ते पर्धानांचे काम. कीकरी नावाचे तंतुवाद्य वाजवत पर्धान रात्र-रात्र या कथा गातो आणि गातो गोंडीत. पण त्याच पर्धानाची घरातली बोली मराठी, असे हायमेनडॉर्फने नोंदवले आहे. एका समाजाची सगळी आठवण दुसरी भाषा बोलणाऱ्या घरांच्या स्वाधीन करून ठेवलेली! आमच्याकडे देवळाच्या आवारात मराठी आणि अंगणात कोंकणी असा व्यवहार चालत आला, तो बघितलेल्या माणसाला हे थोडे ओळखीचे वाटेल.

आता त्या पायवाटेकडे.

केस्लापूर हे इंद्रवेल्ली मंडलातले लहानसे गाव. तिथे नागोबाचे ठाणे आहे. हा मेस्राम कुळाचा देव. विदर्भात हेच आडनाव आपण मेश्राम असे लिहितो. पौष अमावास्येच्या रात्री त्याची महापूजा होते आणि तिला गोदावरीचे पाणी लागते. हे पाणी जवळच्या घाटावरचे चालत नाही. ते आणायचे ते जन्नारम मंडलातल्या कलमडुगूजवळच्या हस्तिनमडुगू नावाच्या डोहातून. केस्लापूरहून एका दिशेने सत्तर-ऐंशी किलोमीटर. पौषाची कोर दिसली की मेस्राम जमतात, वाट आणि मुक्काम ठरवतात, आणि पांढरे धोतर, पांढरे फेटे अशी शंभर-सव्वाशे माणसांची रांग निघते. पायात काही नाही. पाण्याची झारी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. दिवसा चालायचे, रात्री ठरल्या गावी उतरायचे. प्रत्येक मुक्कामाचे गाव आपला पाहुणचार आपला हक्क म्हणून सांभाळते. पाणी घेऊन परतल्यावरही थेट देवळात जायचे नसते. वाटेत इंद्रवेल्लीला इंद्राई देवीची पूजा, मग केस्लापूरच्या वडांखाली काही रात्री, आणि अमावास्येला देऊळ.

पूजेची मडकी सिरिकोंड्याच्या कुंभारांकडून येतात. ते गोंड नाहीत, पण हे काम त्यांचेच. मेस्रामांच्या लेकी आणि जावई जुन्या विहिरीचे पाणी आणतात, वारुळाची माती आणतात. कुळाचे बावीस गट, त्यांच्या बावीस चुली. आणि मग 'भेटिंग'. वर्षभरात मेस्रामांच्या घरी लग्न होऊन आलेल्या सुना पांढरी लुगडी नेसून, चेहरा झाकून, वडीलधाऱ्या बायकांबरोबर देवासमोर येतात, त्यांची देवाशी आणि कुळाशी ओळख करून दिली जाते. तोवर ती सून कुळाच्या पूजेत धरली जात नाही. आपल्याकडे पौष म्हणजे भाकड महिना, लग्नाचे नावही काढायचे नाही. इथे नेमक्या पौषात, तेही अमावास्येला, सुनेला घर मिळते.

कोसंबी असते तर त्यांनी या वाटेचा नकाशा काढला असता. डोंगरावरचे वारूळ आणि नागाचे ठाणे, मधली देवीची जागा, खाली मोठ्या नदीचा डोह. ही रेघ सरळसरळ पठार आणि नदीखोरे यांना जोडणारी आहे. मला वाटते, गुरे, धान्य, मीठ यांची ने-आण करणारी जुनी वाट पूजेच्या निमित्ताने टिकून राहिली असावी. पण ते काही असो. ती टिकल्यामुळे आज जे घडते ते महत्त्वाचे आहे. दरवर्षी शे-सव्वाशे माणसे त्या गावांमधून, त्या जंगलामधून, त्या शेतांच्या बांधांवरून चालत जातात आणि एकही अर्ज न करता सांगून जातात की ही वाट आमची आहे. कागद नसलेल्या समाजाची ही वहिवाट. हायमेनडॉर्फनेही हे ओळखले असणार, कारण 1940 च्या दशकात याच जत्रेत त्याने दरबार सुरू करवला. अधिकाऱ्यांनी इथे येऊन बसायचे आणि गोंडांची गाऱ्हाणी ऐकायची. तालुक्याला न जाणाऱ्या माणसाकडे तालुका चालत आणण्याची ही युक्ती. तो दरबार आजही भरतो. अर्ज अजून जमिनीचेच असतात.

केस्लापूरहून इंद्रवेल्ली पाच-सहा किलोमीटर. गावाबाहेर लाल स्तंभ दिसतो. 20 एप्रिल 1981 रोजी तिथे बाजारच्या दिवशी जमिनीच्या हक्कांसाठी सभा बोलावलेली होती. आदल्या दिवशी परवानगी नाकारली गेली, पण डोंगरातून निघालेल्या माणसांना ते कळणार कसे? ते चालत आले. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक साठ आणि त्याहून अधिक सांगतात. पहिला स्तंभ पाडला गेला, तो पुन्हा बांधावा लागला. कित्येक वर्षे 20 एप्रिलला तिथे जमायलाच बंदी असे. जोडेघाट निजामाच्या राज्यातले, इंद्रवेल्ली प्रजासत्ताकातले. मधे चाळीस-एक वर्षे आणि पाच-सहा सरकारी कायदे.

जंगलाच्या रेषेचे भांडणही जुने झालेले नाही. कवालचे अभयारण्य 1965 सालचे, 2012 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. ताडोब्याचे वाघ पेनगंगा आणि प्राणहिता ओलांडून इकडे येतात. वाघ यावा, त्याला वाट मिळावी, असे मलाही वाटते. पण मे 2025 मध्ये तेलंगण सरकारने कवाल आणि ताडोबा यांना जोडणारा वनपट्टा संवर्धन राखीव म्हणून जाहीर केला आणि त्याला नाव दिले कोमरम भीमचे. जंगलाच्या रेषेशी लढून मेलेल्या माणसाचे नाव नव्या रेषेला! आदिवासींनी बंद पुकारला, आणि जुलैमध्ये तो आदेश स्थगित झाला. ज्याने कोणी हे नाव सुचवले त्याने जोडेघाटचे संग्रहालय आतून पाहिले नसावे.

असो. जाणाऱ्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. 2016 साली जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले, त्यामुळे या लेखातली गावे आज तीन जिल्ह्यांत आहेत: केस्लापूर, इंद्रवेल्ली, उटनूर, गुंजाला आदिलाबादमध्ये, मार्लवाई आणि जोडेघाट आसिफाबादमध्ये, त्या जिल्ह्यालाही भीमचेच नाव आहे, हस्तिनमडुगू मंचिर्यालमध्ये. आदिलाबादच्या बसस्थानकावरून उटनूरकडे जाणारी कोणतीही बस चालते. मुत्नूरला उतरावे आणि केस्लापूरपर्यंत चार-पाच किलोमीटर चालत जावे. देऊळ नवे, दगडी आहे. मेस्रामांनी आपसात वर्गणी काढून ते बांधले आणि डिसेंबर 2022 मध्ये प्रतिष्ठा केली. तिथून इंद्रवेल्लीचा स्तंभ, आणि संध्याकाळच्या बसने उटनूर. दुसऱ्या दिवशी उटनूरहून जैनूर, तिथून मार्लवाई. बेट्टी 1987 साली वारली, तिची समाधी तिथे आहे, आणि नंतर हायमेनडॉर्फच्या अस्थीही तिच्या शेजारी आणून ठेवल्या. जवळच उशेगावला ओझा कारागीर मेणाच्या साच्यातून पितळेचे मोर आणि घंटा ओततात. आदिलाबादच्या या डोकरा कामाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वेळ उरला तर केरामेरीचा घाट उतरून जोडेघाट, नाहीतर तो पुढच्या खेपेला ठेवावा. थंडीत जावे, आणि गरम कपडे न्यावेत. तेलंगणात सर्वांत कडक गारठा याच डोंगरात पडतो.

भाषेची अडचण येत नाही. म्हाताऱ्या माणसांशी मराठीत बोलावे, तरुणांशी हिंदीत, आणि 'राम राम' सगळीकडे चालतो. बस आठवडी बाजाराच्या दिवशी गच्च भरलेली असते आणि तिच्यात बायका जास्त असतात. 9 डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या बायकांना साध्या आणि एक्सप्रेस बसचा प्रवास फुकट झाला आहे. ज्यांच्या सासवा डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला चालत गेल्या, त्या आता शून्य रुपयांचे तिकीट घेऊन खिडकीपाशी बसतात. जत्रेच्या दिवसांत जादा बस सुटतात आणि मुत्नूरच्या फाट्यावर पाय ठेवायला जागा नसते. मेस्रामांची झारी मात्र त्याच रस्त्याच्या कडेने पायी जाते. उतरताना कंडक्टरला मुत्नूर सांगावे. केस्लापूर म्हटले तरी त्याला कळते, पौषात तर न सांगताही.